दोनशे सतरा

डॉक्टर नेलिदा एचार्त उद्या निवृत्त होतायत
आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

मी फिल्म धुणारा, वॉशिंग्टन ओलासो.
पायसांदूच्या इस्पितळात, तळघरात,
एकोणतीस वर्षं मी अंधारात चाचपडत
परक्यांच्या काळजाच्या रक्तवाहिन्या
पाण्यातून काढल्या, वाळत घातल्या.
पहिल्या दिवशी म्हणालो, "झाडाची मुळंच जणू."
त्या म्हणाल्या, "उपमा नको. मिलिमीटर सांग."

तेव्हा मांसाचा कारखाना चालू होता.
पहाटे पाचला पाळी बदलायची,
फाटकाशी त्या वजनकाटा मांडून बसायच्या
आणि रक्ताळलेल्या एप्रनमधली नऊशे चाळीस माणसं
एकेक करून बाही वर सारायची.
किती सिगारेटी? रविवारी मांस किती?
बाप कितव्या वर्षी गेला?
या प्रश्नाला माणसं नदीकडे बघायची,
आणि त्या घाई करत नसत.

त्यांचं म्हणणं सरळ होतं:
जिथे वाट अरुंद, तिथे घात.
मी भिंतीवर फिल्म पाडायचो,
त्या कंपासनं चिमूट मोजायच्या. पन्नास टक्के. सत्तर.
त्यावर निबंध झाला, लिस्बनचं बोलावणं आलं,
माझ्यासाठी येताना सार्डिनचा डबा आणला,
गोमांसाच्या गावात!

मग दोनशे सतरा.
बाउदिलियो अरांबीदे, काट्यावरचा मुकादम, वय एकावन्न.
ऑगस्टातली थंडी. फिल्म धुतली, बघितली,
एका वळणावर जेमतेम तीस टक्के. "किरकोळ", मीच लिहिलं.
डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली:
"जा, दोन हजार साली भेट."
त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी
वर्तमानपत्रात गुंडाळून बैलाची जीभ ठेवून गेला दारात.

एकोणिसाव्या दिवशी काट्यावर वजन टाकता टाकता
तो खाली बसला तो बसलाच.

बायकोनं, एउलालियानं, हृदय दिलं.
सहीच्या जागी नाव लिहून खाली लिहिलं: परत हवंय.
डॉक्टरांनी दर तीन मिलिमीटरवर काप घेतले.
सुरी एका जागी करकरली,
अंड्याचं कवच चिरावं तशी.
तेच वळण. तेच तीस टक्के.
भिंतीनं सगळी चरबी बाहेरच्या अंगाला ढकललेली,
आतली वाट मोकळी ठेवलेली,
आणि केसाएवढी एक चीर. तिच्यावर रक्ताची गाठ.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
"सगळी अडगळ मागच्या खोलीत,
आणि पाहुण्यासाठी बैठक झाडलेली."
मी मिलिमीटर विचारले नाहीत.

त्यानंतर अकरा वर्षं.
मेलेल्या त्रेसष्ट जणांच्या फिल्मा मी पुन्हा उतरवल्या.
अर्ध्याहून अधिकांना मरण आलं होतं
जिथे आम्ही "किरकोळ" लिहिलं होतं तिथून.
अक्षर बहुतेक माझंच.
अनुदान दोन वर्षं बंद पडलं. त्यांनी मोटार विकली.
लिस्बनच्या मित्रांनी पत्रं लिहायचं सोडलं.
नवा निबंध आठ पानांचा, पहिलं वाक्य:
"आमचं आधीचं म्हणणं अपुरं होतं."
शेवटी आभारात माझं नाव: ओलासा.
दुरुस्ती पाठवू म्हणाल्या; मी नको म्हटलं,
एका वेळी एकच चूक कबूल करावी.

आता कारखान्याच्या छपरात पारवे,
माझ्या अंधाऱ्या खोलीत झाडू नि बादल्या.
हृदय एउलालियाला परत दिलं होतं, तिनं म्हणे
नवऱ्याशेजारी स्वतः खणून ठेवलं.

उद्या भाषण नाही करणार म्हणतात.
एकच फिल्म लावायची, सहा सेकंदांची.
"नीट चालते ना, पाहून ठेव," म्हणाल्या,
म्हणून मी आज एकटाच बसलोय भिंतीसमोर.

हृदय आकसतं. काळा रंग उतरतो,
वळणापाशी येतो,
जराही अडखळत नाही.
मी मागे घेतो. पुन्हा लावतो.
कंपास खिशात आहे.
रंग वळणापाशी येतो.